सातचा भोंगा आपल्या गावात चालेल का?

येरळाकाठ (२१ एप्रिल, रात्री ९:४०)

मंडळी, १ मेच्या ग्रामसभेत आमच्याकडं एक विषय यायचाय आणि त्यावर बोलायचं माझ्या गळ्यात पडलंय. (माणसानं ग्रामपंचायत सदस्य होऊ नये.) विषय असा की कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावसारखा भोंगा आपणही सुरू करायचा का?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वडगावात ऑगस्ट २०२२ मध्ये गावानं ठरवलं, संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला नाहीतर गप्पा मारायला. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याला जे बघायचं ते बघा. करोनात शाळा फोनवर आली, पुढं शाळा परत भरली, पण पोरांच्या हातातला फोन काही खाली आला नाही, त्यातून हे सुरू झालं.

आता आमच्या घरची गोष्ट. परवा सोप्यात आम्ही पाचजण, पाच फोन. आई ७६ वर्षांची, ती कीर्तनाचे तुकडे बघते, एक संपायच्या आत दुसरा. बायकोनं स्वयंपाकघरातून घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला, "ताटं वाढलीत." एरवी चार हाका मारल्या तरी कुणी उठत नाही, मेसेजवर सगळे एका मिनिटात पाटावर.

पण त्याच फोनवर मला बेदाण्याचा भाव कळतो, सात-बारा १५ रुपयांत निघतो, पीक पाहणीही त्याच्यावरच. सभेत काय बोलू? तुमचे अनुभव सांगा. नुसतं "चांगलं-वाईट दोन्ही असतं" नको, ते मलाही येतं.

भडंगप्रेमी

सातला भोंगा, साडेसातला आयपीएल. ठराव पडला म्हणून समजा.

येरळाकाठ

सरपंचांचं पहिलं वाक्य हेच होतं.

थ्री_फेज

येरळाकाठ दादा, तुमच्या भोंग्याच्या वेळेलाच या आठवड्यात आमच्याकडं शेतीची लाईट येते. त्यामुळं माझा आधीच विरोध नोंदवून घ्या.

आमचं रान शिराळ्याकडं. पूर्वी रात्रपाळीची लाईट असली की वडील बॅटरी आणि काठी घेऊन विहिरीवर जायचे. उसात बिबट्या, बांधावर घोणस. एकला लाईट यायची, पाऊण किलोमीटर चालत जायचं, बटण दाबायचं, घरी येऊन पाठ टेकायची आणि मोटर बंद पडल्याचा आवाज कानावर. परत निघा. चार वर्षांपूर्वी मोबाईल स्टार्टर बसवला. पेटीत सिमकार्ड असतं. लाईट आली की मला फोन येतो, आकडा दाबला की मोटर चालू. एखादा फेज गेला किंवा विहिरीतलं पाणी संपलं तर आपोआप बंद होते, मोटर जळत नाही. पहिल्या रात्री वडिलांनी अंथरुणात बसून मोटर चालू केली. मग उठले, बॅटरी-काठी घेतली आणि पाणी खरंच पडतंय का ते बघून आले.

पण यातला घोळही ऐका. आमच्या डीपीवर, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवर, बावीस मोटरी. निम्म्या लोकांनी 'ऑटो' लावून ठेवलेलं. लाईट आली की सगळ्या मोटरी एका दमात उठणार, आणि सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. एका उन्हाळ्यात दोनदा डीपी जळाला. दुसऱ्या वेळी नवा यायला बारा दिवस लागले, उसाचे शेंडे करपले. गंमत अशी की यात कुणाचंच यंत्र बिघडलं नव्हतं. शेवटी पारावर बसून ठरवलं, प्रत्येकानं टायमर मागं-पुढं करायचा, कुणी एक मिनिट, कुणी दोन. तेव्हापासून डीपी शाबूत आहे.

कंदी_पेढा

साताऱ्यात आम्हाला भोंगा लागत नाही. पोवई नाक्यावरचे हॉर्न सातपासून साडेआठपर्यंत आपोआप वाजतात.

भडंगप्रेमी

आले सातारकर. पेढा खा आणि गप बसा.

सातारची_लेक_सांगलीची_सून

पोरांच्या मोबाईलवर बोलायला सगळ्यांना आवडतं. मी नवऱ्याच्या मोबाईलवर बोलते.

आमच्या घरी दोन वर्षं ऑनलाइन रमी चालू होती आणि मला पत्ता नव्हता. माणूस घरातच असायचा, दारू नाही, तंबाखू नाही. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "आमचा पोरगा संध्याकाळचा उंबरा ओलांडत नाही." पूर्वी पत्त्यांचा अड्डा असायचा तर बाईला कळायचं तरी, आणायला कुणाला तरी पाठवता यायचं. हा अड्डा गोधडीत. उसाचं बिल जमा झालं आणि दहा दिवसांत खात्यात चार हजार उरले, तेव्हा सगळं बाहेर आलं. बांगड्या मोडल्या, ते जाऊ दे. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला तेव्हा टीव्हीपुढं बसून मी रडले. माझ्यासाठी दोन वर्षं उशिरा आला.

आता यूपीआयचा पिन त्यांच्या संमतीनं माझ्याकडं असतो. म्हणून येरळाकाठ भाऊ, भोंगा लावा, पण "पोरांच्या अभ्यासासाठी" असं ठरावात लिहू नका. घरातल्या सगळ्यांसाठी लिहा.

येरळाकाठ

ताई, ठरावाचा मसुदा काढून बघितला. "विद्यार्थ्यांच्या हितासाठी" असंच लिहिलंय. बदलतो.

निवृत्त_मास्तर

मी साताऱ्यात असतो. गणित शिकवून निवृत्त झालो. पुढचं पहिल्यांदाच लिहितो आहे, हसायचं असेल त्यांनी हसावं.

गेल्या वर्षी सकाळी नऊला फोन आला. माझ्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले म्हणे. मग व्हिडिओ कॉल. खाकी गणवेश, मागं झेंडा, टेबलावर फायली. मला 'डिजिटल अटक' झाली होती. दार लावा, कॅमेरा बंद करायचा नाही, बायकोशीही बोलायचं नाही. मी हे सगळं पाळलं. सात तास. चौतीस वर्षं वर्गातली पोरं मला करंगळी दाखवून बाहेर जायची परवानगी मागायची. त्या दिवशी ती मी मागितली, पडद्यावरच्या माणसाकडं.

चारच्या सुमारास ठेव मोडून नऊ लाख 'तपासणीसाठी' पाठवायचे ठरत होते. तेवढ्यात लाईट गेली. वायफाय बंद, माझ्या फोनात नेटचा पॅक नाही. खोलीत एकदम शांतता झाली आणि मग दारावरच्या थापा कानावर आल्या. सौभाग्यवती बराच वेळ दार वाजवत होत्या. म्हणाल्या, "अटक करायला येतील त्यांना मी चहा देईन, तुम्ही आधी दार उघडा."

कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. कुठलेही पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत की पैसे मागत नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. मी तो भाग ऐकला होता. ऐकून शेजारच्या जोशीबुवांना समजावूनही सांगितला होता!

कंदी_पेढा

मास्तर, हसायचं मनात होतं, हसलो नाही. लिहिलंत ते फार बरं केलंत.

हरभट_रोड

मास्तरांची लाईट गेली म्हणून वाचले, माझी होती.

दुकानात संध्याकाळची गर्दी. ओळखीच्या गिऱ्हाईकाच्या नंबरावरून लग्नपत्रिका आली. फाईलच्या नावात शेवटी एपीके, म्हणजे ती फोनात ॲप बसवणारी फाईल. मी पत्रिका समजून दाबली, दोन-तीनदा 'परवानगी द्या' आलं, दिली. काहीच उघडलं नाही. गिऱ्हाईक समोर होतं, विसरलो. अर्ध्या तासानं ३८,००० गेल्याचा मेसेज, तोही बायकोच्या फोनवर, कारण खात्याला तिचाही नंबर होता. माझ्या फोनवर आलेले बँकेचे मेसेज आणि ओटीपी ते ॲप परस्पर पुढं पाठवत होतं. वर माझ्याच नंबरावरून तीच पत्रिका पुढं चाळीस जणांना गेली. त्यात माझे व्याही.

पोरानं लगेच १९३० ला फोन लावला. हा नंबर सगळ्यांनी फोनात घालून ठेवा, सायबर फसवणुकीचा आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळत असतात. जितक्या लवकर कळवाल तितके वाटेत अडकतात. माझे २२,००० अडकले, बाकीचे गेले.

दुकानातल्या पोऱ्यालाही सांगून ठेवलंय, पैसे *घ्यायला* पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजायचं, पैसे जाणार आहेत.

मगरमिठी

सगळे एका सुरात बोलताय म्हणून विरोधी सूर लावतो. गावानं भोंगा वाजवून माणसांना घरात काय करायचं ते सांगायचं, ही कुठली पद्धत? आज फोन ठेवा, उद्या साडेदहाला झोपा. माझ्या घरात मी कधी वाचायचं ते मी ठरवीन.

आणि थ्री फेज, तुमचं डीपीचं उदाहरण मुद्द्याच्या उलट जातं. तुम्ही सगळ्यांना एकदम थांबवलं नाही, वेळा मागं-पुढं केल्या. मग इथंही घराघरानं आपली वेळ ठरवावी.

थ्री_फेज

मगर, हे मात्र बरोबर पकडलंस. पण एक सांग, टायमर मागं-पुढं करायचं तरी एकट्यानं ठरलं का? पारावर बसावंच लागलं. मी आधी एकट्यानं 'ऑटो' काढून ठेवलं होतं, तर माझाच ऊस वाळला आणि डीपीही जळाला. पोरांचंही तसंच. एकट्याच्या पोराचा फोन काढून घेतला तर ते शेजारच्याच्या ओट्यावर जाऊन बसतं.

डोळस

माझं सदस्यनाव वाचून गैरसमज होतो, म्हणून आधीच सांगतो, मला जन्मापासून दिसत नाही. कराडला राहतो, हा धागा फोन मला वाचून दाखवतो आणि मी बोलून लिहितो. (भडंगप्रेमींचे विनोद तो अतिशय गंभीर आवाजात वाचतो. ऐकण्यासारखं असतं.)

दहा वर्षांपूर्वी घरी आलेलं पत्र कुणीतरी वाचून दाखवेपर्यंत थांबावं लागायचं, आणि ते आधी त्या 'कुणीतरी'ला कळायचं. आता मी फोन कागदावर धरतो. नव्या नोटा आल्या तेव्हा बोटांना गोंधळ व्हायचा. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं 'मनी' नावाचं ॲप काढलं, नोटेवर कॅमेरा धरला की ते आकडा बोलतं, नेट नसलं तरी. पहिल्या दिवशी मी खिशातल्या सगळ्या नोटा तीनतीनदा मोजल्या.

आता तुमचा भोंगा. सातला "फोन खाली ठेवा" म्हणजे माझ्यापुरतं "डोळे मिटा". मगरमिठींसारखा माझा तत्त्वाचा विरोध नाही. फक्त ठराव लिहिताना माझ्यासारखा एखादा गावात आहे का, तेवढं बघा.

येरळाकाठ

आहे. खालच्या आळीत एकजण आहे, आमच्या वर्गातला. लाज वाटते सांगायला, पण माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

वही_पेन

मी आशा सेविका. दिवसभर घरोघरी फिरायचं आणि संध्याकाळी सातला सगळी माहिती फोनात भरायची. आधी वहीत लिहायची, मग फोनात, कारण वही बंद करा असं अजून कुणी म्हटलेलं नाही. रेंज आमच्या घराच्या गच्चीवर एका कोपऱ्यात येते. तिथं खुर्ची ठेवलीय. पावसाळ्यात एका हातात छत्री.

तरी फोन नको असं म्हणणार नाही. मागच्या श्रावणात रात्री एका बाईला कळा सुरू झाल्या, १०८ ला फोन लावला, गाडीवाल्याला वस्तीचा रस्ता सापडेना. लोकेशन पाठवलं आणि तिसऱ्या मिनिटाला दिवे दिसले.

म्हणून "बंद" हा शब्द नको. घंटी चालू राहू दे.

पेव_हरिपूर

२०१९ च्या महापुराचं कुणीच कसं काढलं नाही?

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका ४५. त्या ऑगस्टात पाणी ५७ च्या वर गेलं. आमच्या भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती. ती आमची भिंतीवरची मोजपट्टी. "रेघेपर्यंत येईल, त्याच्यावर नाही," असं म्हणत आख्खी आळी बसून राहिली. फोनवर दर तासाची पातळी येत होती, आकडा डोळ्यांना दिसत होता, पण विश्वास रेघेवर! पाणी रेघेवर चढलं तेव्हा रात्र झाली होती.

मग लाईट गेली. मी फोन पंधरा टक्क्यांवर सांभाळून ठेवलेला. त्यात ग्रुपवर कुणीतरी टाकलं, धरण फुटलं. विचार न करता आमच्यातल्याच चौघांनी पुढं ढकललं. मेव्हण्याच्या माडीवर सतरा माणसं, म्हाताऱ्या रडायला लागल्या, दोघं त्या अंधारात पाण्यात उतरायला निघाले. त्यांना धरून ठेवण्यात रात्र गेली. धरण जागेवरच होतं. सकाळी उरलेल्या तीन टक्क्यांवर पुतण्यानं लोकेशन पाठवलं, बोट आली.

त्या फोनचे उपकार मानू की शिव्या देऊ, ते अजून ठरलेलं नाही. आता भिंतीवर २०१९ ची रेघ मारलीय. माळ्यावर ट्रान्झिस्टर आणि सेलही ठेवलेत.

भडंगप्रेमी

पेवराव, पुढच्या वेळी रेघेवर विश्वास ठेवू नका एवढंच. २०१९ च्या पण.

द्राक्षवेडा

जरा विषयांतर. माझ्या बागेत हवामान केंद्र बसवलंय, पानावरचा ओलावा किती तास टिकला ते सांगतं, त्यावरून डाऊनी रोगाचा अंदाज. फवारण्या कमी झाल्या, औषधाचा खर्च वाचला. पण ऑक्टोबर छाटणीनंतर मी दिवसातून चाळीस वेळा फोन उघडतो. वडील पहाटे बाहेर येऊन नाकानं हवा हुंगायचे आणि जाऊन झोपायचे. झोप त्यांची चांगली होती, द्राक्षं माझी चांगली आहेत.

मगरमिठी

विषयांतर कसलं, आत्तापर्यंतचा सगळ्यात मुद्द्याला धरून प्रतिसाद आहे.

दहावी_ब

मी वडिलांच्या आयडीवरून लिहीत नाही, माझाच आहे. आमच्या शेजारच्या गावात भोंगा सुरू केला होता. पहिले आठ दिवस सगळे बसले. नंतर बाबा लोक "कामाचा फोन आहे" म्हणून अंगणात जायचे आणि तिथून हसल्याचा आवाज यायचा. कामाच्या फोनला एवढं कोण हसतं? महिन्यात बंद पडला. आणि मोठ्या माणसांनी सांगितलं, पोरं ऐकत नाहीत.

सातारची_लेक_सांगलीची_सून

या पोराला ग्रामसभेत न्या.

निवृत्त_मास्तर

दहावी ब, आयडी तुझाच आहे हे उत्तम. परीक्षेचा निकाल लागला की इथंच कळव.

येरळाकाठ (६ मे)

सभा झाली. उशीर झाला, माफ करा.

तुमचे प्रतिसाद मी छापून नेले होते. पेवरावांच्या पुराचं वाचताना मागं बसलेली म्हातारी माणसं पुढं सरकली. मास्तरांचं वाचू का नको असं झालं होतं, वाचलं. करंगळीपर्यंत लोक हसत होते, तिथून पुढं कुणी हसलं नाही. सभा संपल्यावर दोघांनी मला बाजूला घेऊन हळूच १९३० लिहून घेतला. का, ते मी विचारलं नाही.

ठराव असा झाला: वेळ सात ते आठ. फोन बंद करायचा नाही, घंटी चालू ठेवून कोनाड्यात ठेवायचा. आमच्याकडच्या जुन्या घरांना दिव्याचे कोनाडे अजून आहेत, नव्या घरांनी फ्रिजवर ठेवावा. मोटरीचा, दवाखान्याचा, घरच्यांचा फोन आला तर घ्यायचा आणि परत ठेवायचा. खालच्या आळीतल्या आमच्या मित्राला नियम नाही. तोच म्हणाला, त्या वेळात पोरांना पुस्तक माझा फोन वाचून दाखवेल, पोरांनी पानं उलटावीत. "विद्यार्थ्यांच्या" जागी "सर्व ग्रामस्थांच्या" केलं. त्यावर सर्वांत जास्त वाद झाला, पाऊण तास. मगरमिठींचा मुद्दाही मांडला. म्हणून दंड नाही, सक्ती नाही, तीन महिन्यांनी परत बसायचं.

२ तारखेला पहिला भोंगा झाला. सगळे फोन कोनाड्यात एकावर एक. आई म्हणाली, "आता काय करायचं?" खरं सांगतो, दहा मिनिटं कुणालाच काही सुचलं नाही. धाकटा पंख्याकडं बघत होता. मग आईनंच बहात्तरच्या दुष्काळातलं काढलं. रोजगार हमीवर खडी फोडायला जायची, तिथं सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी आणायची, आणि वाटेत थोडी थोडी खाऊन घरी पोचेपर्यंत निम्मी व्हायची. हे मी कधीच ऐकलं नव्हतं. थोरल्यानं विचारलं, सुकडी म्हणजे काय. ती सांगायला लागली आणि कोनाड्यात फोन वाजला. उठून घेतला.

मोटरीचाच होता, थ्री फेज. तुमची फार आठवण झाली.

थ्री_फेज

मग, चालू केली का?

येरळाकाठ

केली. परत येईस्तोवर आई झोपायला गेली होती. सुकडी म्हणजे काय, ते थोरल्याला दुसऱ्या दिवशी सांगितलं म्हणे.

भडंगप्रेमी

आयपीएलच्या फायनलच्या दिवशी भोंगा बिघडणार. लिहून ठेवा.

येरळाकाठ (११ मे)

फायनलपर्यंत कुणी थांबलंच नाही. काल सातला भोंगा वाजला नाही. देवळावर चढून बघितलं तर वायर तुटलेली. सरपंच म्हणतात उंदरानं कुरतडली. मी ती वायर घरी आणून ठेवलीय. उंदरानं पक्कड वापरली असावी, कट फार सरळ आहे.